नोंद केली, पण पिव्होटमध्ये दिसत नाही? चूक अशी शोधा

दसरा-दिवाळीच्या दिवसांत पुसदच्या मार्केट यार्डात सोयाबीनच्या गाड्या लागतात. मागोमाग कापूस येतो आणि संक्रांतीच्या सुमारास तूर. या चार महिन्यांत अडत दुकानातले दिवाणजी, जिनिंगच्या कार्यालयातला कारकून, शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब सांभाळणारी मुलगी अशा अनेकांच्या संगणकावर एकाच धाटणीची फाइल उघडी असते. एका शीटवर रोजच्या नोंदी आणि दुसऱ्या शीटवर गावनिहाय, पीकनिहाय बेरजा दाखवणारं पिव्होट टेबल. तक्रारही बहुधा एकच असते: शेंबाळपिंपरीची आजची आवक चढवली, पण पिव्होट अजून कालचेच आकडे दाखवतंय.

ही अडचण वरवर किरकोळ वाटते. पण शिळा आकडा दाखवणारं पिव्होटही तितकंच नीटनेटकं दिसतं. त्यावर लाल खूण येत नाही, इशारा येत नाही. म्हणून त्याची प्रिंट निघते, त्यावर सही होते आणि त्या आकड्यावरून पुढचे निर्णय होतात. एखाद्या शेतकऱ्याचा चुकारा यादीतून सुटतो आणि ते आठवड्यानंतर कळतं. म्हणून पिव्होट का अडतं ते समजून घेऊन ठरलेल्या क्रमाने तपासणी करायची सवय लावली पाहिजे. क्रम पाळला, तर बहुतेक चुका पाच-दहा मिनिटांत सापडतात.

मुळात घडतं काय?

एक्सेलमधलं पिव्होट टेबल तुमची नोंदींची शीट थेट वाचत नाही. पिव्होट तयार करता त्या क्षणी एक्सेल त्या नोंदींची एक प्रत स्वतःकडे घेऊन ठेवतं. तिला ‘पिव्होट कॅश’ म्हणतात. त्यानंतर तुम्ही गाव ओळींत घ्या, पीक स्तंभात घ्या, महिन्यांचे गट पाडा, सगळी मांडणी त्या प्रतीवरून होते. हजारो ओळी असल्या तरी पिव्होट झटपट फिरतं ते यामुळे.

तलाठी कार्यालयातून काढलेल्या सातबाऱ्याच्या नकलेसारखं हे आहे. नंतर फेरफार मंजूर झाला, तरी तुमच्या हातातल्या कागदावरचं नाव बदलत नाही. नवी नक्कल काढावी लागते. पिव्होटची नवी नक्कल काढायच्या आज्ञेचं नाव ‘रिफ्रेश’.

एवढं लक्षात आलं की चूक कुठे शोधायची ते आपोआप ठरतं. नवी प्रत घेतली का? प्रत घेताना नव्या ओळी तिच्या हद्दीत होत्या का? प्रतीत आलेली ओळ चाळणीत अडकली का? आणि मूळ नोंदच सदोष आहे का? हे चार प्रश्न याच क्रमाने विचारायचे.

पहिलं काम: बेरीज जुळवा

काहीही दुरुस्त करण्याआधी फरक किती आणि कशाचा आहे ते मोजा. नोंदींच्या शीटवर क्विंटलचा पूर्ण स्तंभ निवडा आणि एक्सेलच्या तळपट्टीवर पाहा. तिथे ‘सम’ आणि ‘काउंट’ दिसतात. त्या पट्टीवर उजवं क्लिक करून ‘न्यूमेरिकल काउंट’ही चालू करून घ्या. आता तळपट्टीवरची बेरीज आणि पिव्होटची ‘ग्रँड टोटल’ शेजारी ठेवा. नोंदींवर किंवा पिव्होटवर फिल्टर लावलेला असेल, तर आधी तो काढा.

फरक नेमका आज चढवलेल्या क्विंटलांएवढा असेल, तर नवी प्रत घेतलेली नाही किंवा ओळी हद्दीबाहेर आहेत. ‘काउंट’ आणि ‘न्यूमेरिकल काउंट’ यांत एकाचा फरक शीर्षकाच्या ओळीमुळे असतो. त्याहून जास्त फरक असेल, तर काही आकडे मजकूर होऊन बसले आहेत. आणि दोन्ही बेरजा जुळत असूनही एखादं गाव कमी दिसत असेल, तर त्या गावाची नोंद दुसऱ्या नावाखाली गेली आहे.

आणखी एक हमखास उपाय. पिव्होटमधल्या शंकास्पद आकड्यावर दोनदा क्लिक करा. तो आकडा ज्या ओळींपासून बनला, त्या सगळ्या ओळी एक्सेल नव्या शीटवर मांडून देतं. या ओळी पिव्होटच्या प्रतीतल्या असतात. म्हणजे पिव्होटला काय माहीत आहे आणि काय नाही, हे समोरच दिसतं. पाहून झालं की ती शीट पुसून टाका.

प्रश्न पहिला: नवी प्रत घेतली का?

पिव्होटच्या आत कुठेही क्लिक करा, मग उजवं क्लिक आणि ‘रिफ्रेश’. कळफलकावरून ऑल्ट आणि एफ५. फाइलमध्ये अनेक पिव्होट असतील, तर डेटा टॅबवरचं ‘रिफ्रेश ऑल’ वापरा. त्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ५ एकत्र दाबायचे. काही लॅपटॉपवर एफच्या कळांसोबत ‘एफएन’ची कळही धरावी लागते.

रोज आठवण ठेवायला नको असेल, तर पिव्होटवर उजवं क्लिक करून ‘पिव्होट टेबल ऑप्शन्स’ उघडा आणि ‘डेटा’ या भागात ‘रिफ्रेश डेटा व्हेन ओपनिंग द फाइल’ वर खूण करा. यामुळे फाइल उघडताना नवी प्रत घेतली जाते. सकाळी उघडलेल्या फाइलमध्ये दिवसभर नोंदी चढत असतील, तर संध्याकाळचा गोषवारा काढण्यापूर्वी ‘रिफ्रेश ऑल’ तरीही करावंच लागतं.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा ईमेलने आली असेल, तर एक्सेल ती बहुधा सुरक्षित दृश्यात उघडतं आणि वर पिवळी पट्टी दिसते. ‘एनेबल एडिटिंग’ दाबल्याशिवाय रिफ्रेश होणार नाही. याच वाटेने दुसरा घोळ होतो. एकच फाइल चार वेळा उतरवली की नावापुढे कंसात आकडे लागत जातात; नोंदी एका प्रतीत चढतात आणि पिव्होट दुसऱ्या प्रतीत पाहिलं जातं. कामाची फाइल एकच ठेवा, तिची जागा ठरवा आणि इतरांना पाठवायची असेल तर पीडीएफ पाठवा.

प्रश्न दुसरा: नव्या ओळी हद्दीत आहेत का?

रिफ्रेश करूनही फरक पडला नाही, तर कारण बहुतेकदा इथे सापडतं. पिव्होटमध्ये क्लिक करा, वरच्या ‘पिव्होट टेबल अ‍ॅनलाइझ’ टॅबवर जा आणि ‘चेंज डेटा सोर्स’ दाबा. पिव्होट कुठून कुठपर्यंत वाचतं ते तिथे लिहिलेलं असतं. समजा तिथे ए१ ते जी४१२ अशी हद्द आहे आणि तुमच्या नोंदी ४८७ व्या ओळीपर्यंत गेल्या आहेत. मग कितीही रिफ्रेश करा, शेवटच्या ७५ ओळी येणार नाहीत. ओळ मध्येच घुसवली तर हद्द आपोआप वाढते, पण आपण रोजच्या नोंदी तळाशी जोडत जातो आणि नेमक्या त्याच बाहेर राहतात.

कायमचा उपाय म्हणजे नोंदींना ‘टेबल’चं रूप देणं. नोंदींमध्ये क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा, ‘माय टेबल हॅज हेडर्स’ वर खूण ठेवा, आणि ‘टेबल डिझाइन’ टॅबवर टेबलाला ‘आवक’ असं साधं नाव द्या. मग ‘चेंज डेटा सोर्स’मध्ये जुनी हद्द पुसून फक्त ‘आवक’ लिहा. आता खाली ओळ जोडली की टेबल वाढतं आणि पुढच्या रिफ्रेशला ती ओळ पिव्होटमध्ये येते. रिफ्रेश मात्र टेबल केल्यावरही करावंच लागतं, कारण टेबल हद्द सांभाळतं आणि नवी प्रत रिफ्रेशच घेतं.

टेबल वाढलं की नाही, हे त्याच्या उजव्या तळाच्या कोपऱ्यातल्या छोट्या खुणेवरून कळतं. खूण शेवटच्या नोंदीच्या वर अडकली असेल, तर ती माउसने खाली ओढा. मध्ये एक ओळ रिकामी सोडून नोंद केली असेल, तर टेबल वाढत नाही. ‘टोटल रो’ चालू असेल, तर तिच्या खाली टंकलेलं टेबलात जात नाही. अशा वेळी शेवटच्या नोंदीच्या शेवटच्या घरात (सेलमध्ये) उभं राहून टॅबची कळ दाबा.

काही जण ए ते जी हे पूर्ण स्तंभच हद्द म्हणून देतात. त्यात नव्या ओळी येतात खऱ्या, पण सोबत लाखो रिकामी घरंही येतात. पिव्होटमध्ये ‘ब्लँक’ नावाची ओळ उगवते आणि काही वेळा बेरजेऐवजी मोजणी दिसू लागते. टेबल हाच सरळ मार्ग आहे.

हंगाम बदलताना वेगळी काळजी घ्या. जुन्या फाइलमधली पिव्होटची शीट एकटीच उचलून नव्या फाइलमध्ये नेली, तर ते पिव्होट जुन्याच फाइलकडे बोट दाखवत राहतं. ‘चेंज डेटा सोर्स’मध्ये चौकोनी कंसात जुन्या फाइलचं नाव दिसलं, तर हेच झालं आहे. नव्या हंगामासाठी पूर्ण फाइल नव्या नावाने साठवा आणि मग जुन्या नोंदी काढा.

शीर्षकांचंही पाहा. एखाद्या स्तंभाचं शीर्षक रिकामं असेल, तर फील्डचं नाव वैध नाही असा संदेश येतो. शीर्षक बदललं, म्हणजे ‘वजन’चं ‘क्विंटल’ केलं, तर रिफ्रेशनंतर तो स्तंभ पिव्होटमधून गळतो आणि नव्या नावाने पुन्हा ओढून आणावा लागतो. हंगाम चालू असताना शीर्षकांना हात लावू नये. शीर्षकाच्या ओळीत घरंही एकत्र जोडू नयेत.

प्रश्न तिसरा: ओळ आली, पण झाकली गेली का?

समजा पिव्होटमध्ये तुम्ही गहुली, बेलोरा आणि शेंबाळपिंपरी ही तीनच गावं निवडून ठेवली. पुढच्या आठवड्यात जांबबाजारची पहिली नोंद आली. ती प्रतीत आहे, पण निवडीत नाही, म्हणून दिसत नाही. गावाच्या शीर्षकाजवळचा बाण दाबून निवड तपासा. नवी गावं आपोआप यावीत असं वाटत असेल, तर गावाच्या फील्डवर उजवं क्लिक, ‘फील्ड सेटिंग्ज’, आणि ‘इनक्लूड न्यू आयटम्स इन मॅन्युअल फिल्टर’ वर खूण करा. स्लायसर, तारखांचा फिल्टर, ‘टॉप टेन’ यांचीही अशीच तपासणी करा.

याच्या उलटही घडतं. नोंदींतून काढून टाकलेली गावं फिल्टरच्या यादीत वर्षानुवर्षं दिसत राहतात. ‘पिव्होट टेबल ऑप्शन्स’मधल्या ‘डेटा’ भागात ‘नंबर ऑफ आयटम्स टु रिटेन पर फील्ड’ समोर ‘नन’ निवडा आणि रिफ्रेश करा. जुनी नावं जातील.

प्रश्न चौथा: मूळ नोंदच सदोष आहे का?

मराठीत नोंदी करणाऱ्यांनी इथे सर्वात जास्त थांबलं पाहिजे, कारण आपल्या काही अडचणी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत.

गावांची नावं घ्या. शेंबाळपिंपरी, शेंबाळ पिंपरी, शेंबाळपिंप्री. तुम्हाआम्हाला गाव एकच, पिव्होटला तीन. नावापुढे चुकून एक मोकळी जागा पडली तरी ते वेगळं नाव ठरतं. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ असलेल्या शब्दांत दोष डोळ्यांनाही दिसत नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन कळफलकांवर दोन वेगळ्या अक्षरसंचांनी उमटू शकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकासाठी वेगळे ठरतात. कोणी जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलं असेल, तर तो मजकूर आतून इंग्रजी अक्षरंच असतो आणि पिव्होटमध्ये निरर्थक अक्षरांची ओळ दिसते. सर्वांनी युनिकोड मराठीच वापरावं, शक्यतो एकाच कळफलकावर.

टंकायची गरजच काढून टाकणं हा यावरचा पक्का उपाय. वेगळ्या शीटवर गावांची यादी करा आणि नोंदींच्या स्तंभाला ‘डेटा व्हॅलिडेशन’मधून ‘लिस्ट’ लावा. नाव यादीतून निवडलं जाईल आणि एकसारखंच पडेल. आधी झालेल्या नोंदींसाठी ‘ट्रिम’ हे सूत्र पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढतं. बाकीचं ‘फाइंड अँड रिप्लेस’ने दुरुस्त करा.

आता आकडे. बेरजेत मजकूर धरला जात नाही. मराठी कळफलकावरून टंकलेले देवनागरी अंक, ‘१२ क्विंटल’ असं एककासह लिहिलेलं वजन, दुसऱ्या प्रणालीतून चिकटवलेले आकडे, हे मजकूर म्हणून बसू शकतात. ओळखायची खूण साधी आहे: मजकूर घराच्या डाव्या कडेला चिकटतो, आकडा उजव्या. इंग्रजी अंकांतला मजकूर असेल, तर स्तंभ निवडून डेटा टॅबवरच्या ‘टेक्स्ट टु कॉलम्स’मध्ये थेट ‘फिनिश’ दाबा. तो आकडा होतो. देवनागरी अंक मात्र आधी ‘रिप्लेस’ने बदलून घ्या. एकक शीर्षकात लिहा, घरात फक्त संख्या.

तारखा सर्वात फसव्या. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असेल, तर आपली ५ नोव्हेंबर, म्हणजे ०५/११/२०२५, ११ मे होऊन बसते आणि नोव्हेंबरच्या बेरजेतून गायब होते. २५/११/२०२५ ही तर तारीखच मानली जात नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ती मजकूर होते आणि महिन्यांचे गट पाडताना अडथळा आणते. विंडोजच्या प्रादेशिक मांडणीत ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. आधीच उलटून बसलेल्या तारखा मात्र आपोआप सुधारत नाहीत. त्या काटापावतीशी ताडूनच दुरुस्त कराव्या लागतात.

सूत्रं असलेल्या स्तंभाचंही एक कारण लक्षात ठेवा. केंद्र सरकारने जाहीर केलेला सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये. समजा तुमच्या शीटवर एका घरात भाव लिहिला आहे आणि रकमेचा स्तंभ त्यावरून निघतो. तुम्ही भाव बदलला, रिफ्रेशही केलं, तरी २४० क्विंटलची रक्कम १२,७८,७२० ऐवजी ११,७४,०८० च दिसते. अशा वेळी ‘फॉर्म्युलाज’ टॅबवर ‘कॅल्क्युलेशन ऑप्शन्स’ पाहा. तिथे ‘मॅन्युअल’ असेल, तर सूत्रं नव्याने मोजलीच गेलेली नाहीत आणि रिफ्रेशने जुन्याच रकमांची नवी प्रत घेतली. ‘ऑटोमॅटिक’ करा किंवा एफ९ दाबा आणि मग रिफ्रेश करा. एक्सेल ही मांडणी त्या बैठकीत सर्वांत आधी उघडलेल्या फाइलवरून घेतं. म्हणून तुम्ही काही बदललेलं नसतानाही दुसऱ्याच्या फाइलमुळे तुमची फाइल ‘मॅन्युअल’ होऊ शकते.

रिफ्रेशच होत नसेल तर

दोन पिव्होट एकाखाली एक असतील आणि वरचं वाढून खालच्यावर जाणार असेल, तर एक्सेल रिफ्रेश नाकारतं. प्रत्येक पिव्होटला स्वतंत्र शीट द्या. रिफ्रेशचं बटण फिकट दिसत असेल, तर शीटला संरक्षण लावलं आहे का ते पाहा. एकाच प्रतीवर चालणारं दुसरं एखादं पिव्होट संरक्षित शीटवर असेल, तरीही अडतं. संरक्षण काढा, रिफ्रेश करा, पुन्हा लावा.

एक्सेल नसेल तर

गुगल शीट्समधलं पिव्होट आपणहून ताजं होतं, रिफ्रेशचं बटण लागत नाही. पण हद्द आणि फिल्टर यांच्या अडचणी तिथेही तशाच आहेत. पिव्होटच्या संपादकात वर लिहिलेली हद्द पाहा. शेवटच्या ओळीचा क्रमांक काढून ए१ ते जी अशी मोकळी ठेवली, तर खालच्या नव्या ओळी येत राहतात. लिबरऑफिस कॅल्कमध्ये पिव्होटवर उजवं क्लिक करून ‘रिफ्रेश’ करावं लागतं आणि हद्द ‘प्रॉपर्टीज’मधून बदलता येते.

रोजची शिस्त

पिव्होटच्या वर दोन घरं कायमची राखून ठेवा. पहिल्यात ‘आवक’ टेबलातल्या क्विंटलांची बेरीज आणि दुसऱ्यात तिथली सर्वात अलीकडची तारीख, दोन्ही सूत्राने काढलेली. पिव्होटची एकूण बेरीज पहिल्या घराशी जुळली आणि तारीख आजची असली, तरच प्रिंट काढा. फाइल दुसऱ्याच्या हाती सोपवताना हा नियमही सोबत सांगा, कारण हंगामाच्या गर्दीत फाइलवर दोन-तीन जणांचे हात फिरतात.

क्रम लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवायचा असेल, तर तो असा: बेरीज जुळवा, रिफ्रेश ऑल करा, हद्द पाहा, फिल्टर पाहा, नावं-आकडे-तारखा पाहा, कॅल्क्युलेशन पाहा, पुन्हा बेरीज जुळवा. काही मोठं बदलायचं असेल, तर आधी फाइलची प्रत करून तिच्यावर प्रयोग करा.

शेतकरी काट्यावर उभा राहून माल मोजून देतो, तेव्हा आपली नोंद हिशेबात गेली असं तो धरून चालतो. त्याला पिव्होट दिसत नाही, तुम्हाला दिसतं. म्हणून संध्याकाळी गोषवारा पाठवण्याआधीची ही बेरजेची जुळवणी वेळ असली तर करायची गोष्ट मानू नका. गोषवाऱ्याचं काम तिच्यापासूनच सुरू होतं.